गंधाचे धनीपण

न्यायशास्त्राचा अभ्यास आरंभणाऱ्या विद्यार्थ्याला अनुमानाची पहिली पायरी चढताना ज्या एका स्थळाचा दाखला दिला जातो, ते स्थळ म्हणजे घरातील स्वयंपाकघर होय. समोरच्या डोंगरावर अग्नी असला पाहिजे, कारण तेथून धूर निघताना दिसतो. आणि धूर असेल तेथे अग्नी असतोच, ही गोष्ट आपण महानसात, म्हणजे स्वयंपाकघरात, नित्य पाहिलेली असते, असा तो युक्तिवाद आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने रचलेल्या ‘तर्कसंग्रह’ या लहानशा ग्रंथामुळे तो पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या जिभेवर राहिला. त्याच शास्त्राने असेही बजावून ठेवले आहे की, ही व्याप्ती उलटी फिरवता येत नाही. अग्नी असेल तेथे धूर असेलच असे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो, आणि धूर निघायचा तर अग्नीला ओल्या इंधनाचा संयोग व्हावा लागतो. इतक्या बारकाईने ज्यांनी चुलीकडे पाहिले, त्यांची दृष्टी त्याच चुलीपुढे ओले लाकूड फुंकणीने फुंकत बसलेल्या स्त्रीच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे वळलेली दिसत नाही. शास्त्राला धूर हेतू म्हणून हवा होता. तिच्या वाट्याला तो भोग म्हणून आला.

स्वयंपाकघरातील हवा बाहेर कशी घालवावी हा प्रश्न गवंड्याचा, सुताराचा, फार तर आरोग्यखात्याचा मानण्याची आपली रीत आहे. मला तो धर्माचाही प्रश्न वाटतो, आणि धर्म या शब्दाने येथे मला व्रतवैकल्य अभिप्रेत नसून, आपल्या कृतीचे जे फळ आपल्या उंबरठ्याबाहेर जाते त्याची जबाबदारी कोणाची, हा जुना आणि अवघड विचार अभिप्रेत आहे.

धुरापुरते बोलायचे तर तेथे वादाला जागा नाही. जुन्या कौलारू घरांत चुलीच्या वर धुराडे ठेवीत, नाही तर भिंतीत उंचावर एखादा झरोका सोडीत; तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या वाटेने निघून जाते, एवढ्या एका नियमावर तो सारा बंदोबस्त अवलंबून असे. पावसाळ्यात मात्र धुराड्यावर काहीतरी झाकण घालावे लागे, आणि लाकडे ओली असण्याचे दिवसही नेमके तेच. म्हणजे ज्या चार महिन्यांत धूर सर्वांत अधिक, त्याच चार महिन्यांत त्याची वाट सर्वांत अरुंद. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त देवघर ईशान्येस आणि स्वयंपाकघर आग्नेयेस असावे असे सांगितले आहे. त्या नियमाचे मूळ अग्निदेवतेच्या दिशेत आहे हे उघड आहे. तथापि ज्या प्रांतात पावसाचे वारे पश्चिमेकडून येतात तेथे पूर्वेच्या अंगाला चूल असली म्हणजे धूर सबंध घरावरून न फिरता परभारे बाहेर पडतो, हा लाभ काही लहान नव्हे. पुढे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्धा येथील मगनवाडीतून मगन चुलीचा प्रसार झाला. मातीचीच चूल, पण जाळ एका वाटेने पुढे नेऊन धूर नळीने घराबाहेर काढणारी. खेड्यापाड्यांत ‘निर्धूर चूल’ हा शब्द रूढ झाला तो अशाच प्रयत्नांमुळे. त्या चुलीसाठी ज्यांनी हात मातीत घातले, त्यांनी केलेले काम कोणत्याही मंदिराच्या जीर्णोद्धाराइतकेच धार्मिक होते असे मी मानतो, कारण देह हे देवाचे वसतिस्थान आहे असे जर आपण खरोखरच म्हणत असू, तर त्या देहाची फुप्फुसे काजळीने भरू न देणे हीदेखील पूजाच ठरते.

गॅसची शेगडी आली आणि न्यायशास्त्रातील तो लोखंडाचा गोळा घरोघर अवतरला: अग्नी आहे आणि धूर नाही. डोळ्यांची आग थांबली, भिंती काळ्या होईनात, आणि आता हवेचा काही प्रश्न उरला नाही असे वाटू लागले. वस्तुतः गॅसची निळी ज्योतही अगदी निर्दोष नाही. तिच्यातून न दिसणारा नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि कढईतल्या तापलेल्या तेलाचे सूक्ष्म थेंब तर डोळ्यांना न दिसता सर्वत्र पसरून पडद्यांवर, फडताळांच्या माथ्यावर, पंख्याच्या पात्यांवर चिकट थर धरतात. परंतु ज्याने हा प्रश्न पुन्हा उभा केला तो वास. हिंगाची फोडणी, भाजलेले कांदे-खोबरे, उकडलेली कोबी, तव्यावरचा सुका बोंबील, दुपारी तळलेल्या तेलाचा संध्याकाळपर्यंत रेंगाळणारा दर्प, हे सारे धुराच्या आड पूर्वी लपलेले होते. धूर गेला आणि गंध उघडा पडला.

गिरगावातील एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्या आत्याचे बिऱ्हाड होते. ओट्यावरच्या खिडकीच्या वरच्या भागात तिच्या मुलाने एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला, तरी मिरच्यांची फोडणी पडली की बाहेरच्या खोलीत बसलेल्याला ठसका लागायचाच. पंखा घरघरत असे, आणि त्याच खिडकीची खालची झडप हवा यावी म्हणून सताड उघडी असे. एके दिवशी आत्याने देवापुढची पेटती उदबत्ती आणून शेगडीपाशी धरली. धुराची रेघ पंख्याकडे गेलीच नाही. ओट्यावरून मागे वळून ती बाहेरच्या खोलीच्या दाराकडे रेंगाळत निघाली. मग तिने उदबत्ती खिडकीच्या खालच्या झडपेशी नेली, तेव्हा धूर सरळ वर उठून पंख्यात शिरला.

“सूनबाई, ही झडप लावून घे आणि गॅलरीकडचं दार उघड,” ती म्हणाली.

“अहो आई, उकडून जीव जाईल की!”

“लावून तर बघ.”

झडप लागली, पलीकडच्या खोलीचे दार उघडले, आणि शेगडीजवळ धरलेल्या उदबत्तीचा धूर आडवा होऊन, कोणी दोरा ओढावा तसा, पंख्याकडे खेचला गेला. इतके दिवस पंखा खालच्या झडपेतून आलेली बाहेरचीच हवा वरच्या भोकातून बाहेर टाकीत होता. खोलीतल्या हवेशी त्याचा फारसा संबंधच येत नव्हता. जितकी हवा बाहेर जायची तितकीच कोठून तरी आत यावी लागते, आणि ती येण्याची वाट पंख्यापासून दूर, शेगडीच्या पलीकडल्या अंगाला असेल तरच वाटेतला वास तिच्याबरोबर निघून जातो, हा नियम एखाद्या अभियंत्याने आकृती काढून समजावला असता, तो आत्याने एका उदबत्तीने समजावला. मात्र दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला जिन्यात गाठले आणि म्हटले, “तुमची फोडणी आता आमच्याकडं पडते हो!”

काकूंच्या त्या वाक्यात, त्यांच्या नकळत, एक अस्सल दार्शनिक प्रश्न आहे. वास घालवला असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय घालवतो, आणि तो जातो कोठे?

वैशेषिक दर्शनाने महाभूतांना त्यांचे त्यांचे विशेष गुण वाटून देताना गंध हा एकट्या पृथ्वीच्या पदरात टाकला. जलाला स्वतःचा गंध नाही, तेजाला नाही, वायूलाही नाही. वाऱ्यावर मोगऱ्याचा सुवास आला तर तो वाऱ्याचा नसून वाऱ्याने वाहून आणलेल्या मोगऱ्याच्या पार्थिव अंशांचा असतो, आणि ज्या घ्राणेंद्रियाने तो कळतो तेही पार्थिवच असते. या मताला एक आक्षेप फार पूर्वीपासून घेतला गेला आहे: फुलाचे अंश जर खरोखरच उडून जात असतील तर फूल झिजत का नाही, त्याचे वजन का घटत नाही? हा आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात एका भलत्याच महत्त्वाच्या वादाच्या पोटात येऊन बसला आहे. जीव अणुपरिमाण आहे असे म्हणणारा पक्ष तेथे असे सांगतो की, फूल एका जागी असून त्याचा गंध जसा फुलाला सोडून दूरवर जातो, तसा जीव हृदयात एका बिंदूइतका असूनही त्याचे चैतन्य सबंध देहात पसरते. रामानुजाचार्यांना जीवाचे अणुत्व मान्य आहे, म्हणून हा दृष्टांत त्यांना जवळचा वाटतो. शंकराचार्यांना तो मुळीच मान्य नाही. गुण आपल्या आश्रयाला सोडून एकटा हिंडू लागला तर तो गुणच राहणार नाही, असे त्यांचे उत्तर आहे. गंध दूर जातो याचा अर्थ त्याचे आश्रयभूत सूक्ष्म द्रव्यही बरोबर जाते, आणि पाण्यात किंवा वाऱ्यात गंध आढळला म्हणून तो पाण्याचा किंवा वाऱ्याचा म्हणणे हे अनिपुणाचे बोलणे होय.

जीवाच्या परिमाणाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. गंधाच्या बाबतीत मात्र आधुनिक शास्त्राने कौल दिला आहे तो निःसंशय शंकराचार्यांच्या आणि वैशेषिक दर्शनाचा प्रणेता कणाद याच्या बाजूने आहे. पदार्थाचे रेणू तापून हवेत उडतात, श्वासाबरोबर नाकाच्या वरच्या भागातील पटलावर पोचतात, आणि तेथील ग्राहकांना प्रत्यक्ष भिडतात तेव्हाच वास कळतो. या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रूप दुरून दिसते, शब्द दुरून ऐकू येतो, आणि त्यासाठी घटाला किंवा घंटेला आपल्या देहात शिरावे लागत नाही. वासाचे तसे नाही. शेजारच्या घरातील मासळीचा वास मला आला याचा अर्थ त्या मासळीचा एक अत्यंत सूक्ष्म का होईना, पण खरा अंश माझ्या देहात येऊन ठेपला आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू अलंकारिक भाषा बोलत नव्हत्या. फोडणी खरोखरच त्यांच्याकडे पडत होती.

म्हणून पंख्याने वास नष्ट होतो ही समजूत टाकून द्यावी लागते. पंखा गंधाचा केवळ मुक्काम हलवतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीव एका देहातून दुसऱ्या देहात जाताना मन आणि इंद्रिये बरोबर कशी नेतो हे सांगण्यासाठी वाऱ्याने गंध उचलून नेण्याचाच दृष्टांत घेतला आहे, आणि ज्ञानेश्वरांनी मराठी श्रोत्यांपुढे तो विस्ताराने उलगडला आहे. जाणारा काही टाकून जात नाही, सर्व बरोबर घेऊन जातो, हा त्या दृष्टांताचा मर्मभाग आहे. आणि आपल्या कर्माविषयी हे जर खरे असेल तर कर्माच्या वासाविषयी ते अक्षरशः खरे आहे.

यात आणखी एक अडचण अशी की, या व्यवहारात ज्याची साक्ष सर्वांत आधी काढावी तोच साक्षीदार सर्वांत निकामी असतो. नाकाचा स्वभाव असा आहे की सतत येणारा वास त्याला काही मिनिटांतच जाणवेनासा होतो. स्वयंपाक करणारीला आपल्या घरात काही वास आहे असे वाटत नाही. बाहेरून आलेल्याला तो उंबरठ्यातच जाणवतो. परक्याच्या घराचा वास आपल्याला येतो आणि स्वतःच्या घराचा कधीच येत नाही, ही गोष्ट मला नेहमी अंतर्मुख करते, कारण आत्मपरीक्षण हे एकट्याने करावयाचे काम आहे असे मानणाऱ्यांना तिने विचारात पाडले पाहिजे. निदान या एका प्रकरणी आपला दोष आपल्याला कळण्याचा मार्ग दुसऱ्याच्या तक्रारीतूनच जातो.

आता धनीपणाचा विचार. संयुत्तनिकायातील वनसंयुत्तात आणि जातकांतही एक कथा आली आहे. भिक्षान्न घेऊन झाल्यावर एक भिक्षू वनातील तळ्यात उतरतो आणि उमललेल्या कमळाचा वास घेतो. तेथील वनदेवता त्याला म्हणते की, जे कोणी दिलेले नाही ते तू घेत आहेस, तू गंधाचा चोर आहेस. भिक्षू म्हणतो, मी फूल तोडले नाही, नेले नाही, दुरून वास घेतला. आणि इकडे जो कमळांचे कंद उपटतो आहे त्याला तू काहीच म्हणत नाहीस. देवता उत्तर देते की, जो आकंठ मळलेला आहे त्याच्याशी मला बोलावयाचे नाही; जो निर्मळ होऊ पाहतो त्याला केसाच्या टोकाएवढा दोषही मेघाएवढा दिसला पाहिजे. विरक्ताच्या साधनेसाठी ही कथा फार मोलाची आहे. परंतु तिच्यात भार टाकला आहे तो वास घेणाऱ्यावर, आणि तळ्यातले कमळ बिचारे निर्दोष आहे. गृहस्थाच्या चुलीला ती निर्दोषता नाही.

दुसरी एक लोककथा आपल्याकडे नाना नावांनी सांगितली जाते. भुकेला मनुष्य मिठाईच्या दुकानासमोर उभा राहून वासाबरोबर आपली कोरडी भाकरी खातो. दुकानदार वासाचे पैसे मागतो. आणि न्यायाधीश नाणी खुळखुळवून वासाची किंमत नाण्यांच्या आवाजाने फेडून टाकतो. मुलांना हा निवाडा आवडतो आणि तो चतुर आहे यात शंका नाही. तरीही मला तो अपुरा वाटतो. न्यायाधीशाने दुकानदाराचा दावा फेटाळला, पण भुकेल्याची फिर्याद कोणी दाखलच करून घेतली नाही. वास आला आणि अन्न मिळाले नाही, तर भूक शमते का वाढते? ज्याने वाढविली त्याच्याकडे काही देणे लागू होते का? या प्रश्नापाशी ती कथा संपते, आणि पैठणची कथा तेथून सुरू होते.

संत एकनाथांच्या घरी श्राद्धाचा दिवस होता. पाने ब्राह्मणांसाठी मांडायची होती, गिरिजाबाईंनी सोवळ्यात स्वयंपाक सिद्ध केला होता, आणि त्या पक्वान्नांचा वास घराबाहेर रस्त्यावर गेला. रस्त्यावर त्या काळी अस्पृश्य मानली गेलेली काही माणसे होती. असे अन्न आपल्या नशिबी कोठले, अशा अर्थाचे त्यांचे आपसातले बोलणे नाथांच्या कानी पडले. आणि नाथांनी त्यांना घरात बोलावून, श्राद्धासाठी रांधलेले ते सारे अन्न त्यांना पोटभर वाढले. नंतर गिरिजाबाईंनी पुन्हा नव्याने स्वयंपाक केला, पण निमंत्रित ब्राह्मणांनी येण्याचे नाकारले. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवून गेले, असे अठराव्या शतकातील महिपतींनी आणि त्यांच्यानंतरच्या असंख्य कीर्तनकारांनी महाराष्ट्राला सांगितले आहे. ही कथा भूतदयेची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु मला तिच्यात दयेपेक्षा अधिक काटेकोर असे काही दिसते.

आपल्या घरांत असा नियम आहे की देवाला वाहावयाच्या फुलाचा वास घ्यावयाचा नाही आणि नैवेद्याच्या पानावर वाकून हुंगावयाचे नाही. कारण वास घेणे हे भोगणेच आहे, आणि भोगलेले देवाला चालत नाही. वास घेतला म्हणजे अर्धे जेवण झाले, अशा अर्थाची संस्कृत म्हणही सर्वांच्या परिचयाची आहे. हा नियम पाळणारी घरे लक्षावधी होती आणि आहेत. पण तो शेवटपर्यंत पाळावयाचा ठरवला तर काय निष्पन्न होते? रस्त्यावरच्या त्या माणसांपर्यंत अन्नाचा गंध पोचला होता. गंध निराश्रित हिंडत नाही, म्हणजे गंधाबरोबर अन्नाचे अंशही पोचले होते. म्हणजे ब्राह्मणांची पाने मांडली जाण्यापूर्वीच वाऱ्याने पहिली पंगत रस्त्यावर वाढली होती. ते अन्न आता त्या माणसांचे होते. नाथांनी श्राद्धाचा नियम मोडला असे पैठणकरांना वाटले. मला वाटते, नियमाचा शेवट कोठे होतो हे ज्याने पाहिले असा त्या गावात तो एकच गृहस्थ होता. आपण ज्याला निम्मे जेवण दिले त्याला उरलेले निम्मे नाकारावयाचे, हे त्यांच्या धर्मबुद्धीला सोसवले नाही.

यावर कोणीही म्हणेल की, मग चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत राहणाऱ्याने काय करावे? ज्याच्या ज्याच्या नाकापर्यंत आपली फोडणी जाईल त्या प्रत्येकाला जेवायला घालावे काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण सर्वांचे देणे एकसारखे नसते हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भुकेल्याचा हक्क अन्नावर आहे. पोट भरलेल्या शेजाऱ्याचा हक्क अन्नावर नाही, आपल्या खिडकीतून येणाऱ्या हवेवर आहे. आजाऱ्याला ज्या वासाने मळमळते, एकादशी करणाऱ्या म्हातारीची ज्या वासाने परीक्षा होते, त्यांचा हक्क आणखी निराळा आहे. तो कोणत्याही कायद्यात बसत नाही आणि केवळ ओळखीने कळतो. कोणाच्या खोलीत कोण अंथरुणाला खिळले आहे हे ज्या वाड्यात सर्वांना ठाऊक असे, त्या वाड्यात त्या दिवशी तळण न काढणे ही साधी रीत होती.

धर्मशास्त्राने गृहस्थाला या बाबतीत कधीच निष्पाप मानलेले नाही. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच जागी गृहस्थाच्या हातून रोज हिंसा घडते असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि त्या पाचांत चुलीचे नाव पहिले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यावर उपाय म्हणून चूल विझवा असे शास्त्राने सांगितले नाही. पाच महायज्ञ करा असे सांगितले. त्यांत अतिथीला घालावयाचे अन्न आहे, आणि कावळ्या-कुत्र्यांसाठी, किड्या-मुंगीसाठी काढून ठेवावयाचा बळीही आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातही हेच सूत्र आहे: अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसा प्रत्येक आरंभ कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेला असतो, आणि म्हणून सहज कर्म टाकून देऊ नये. दोष टळत नाही, पण तो फेडता येतो, आणि फेड रोजच्या रोज करावी लागते.

या फेडीत आज ज्या गोष्टी मोडतात त्या दिसायला फारच क्षुल्लक आहेत. फोडणी टाकल्यावर पंखा लावण्यापेक्षा आधीच लावावा आणि शेगडी बंद झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावा. तळण मागच्या बर्नरवर, चिमणीच्या पुरेपूर खाली काढावे. चिमणीची तेलाने माखलेली जाळी वेळच्या वेळी गरम पाण्यात धुवावी, कारण मळलेली जाळी जुना वास नव्या वासात मिसळत राहते. ज्या चिमणीला बाहेर जाणारी नळीच नसते, ती कोळशाच्या थरातून हवा गाळून पुन्हा घरातच सोडते. तिने वास काही अंशी अडतो, परंतु वाफ, उष्णता आणि ज्योतीतून निघालेले वायू जेथल्या तेथे राहतात, हे विकत घेण्यापूर्वी समजून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नळीचे तोंड कोठे उघडते ते स्वतः गच्चीवर किंवा मागच्या गल्लीत जाऊन एकदा डोळ्यांनी पाहावे. हल्लीच्या कित्येक इमारतींत सर्व मजल्यांची स्वयंपाकघरे एकाच अरुंद डक्टमध्ये उघडतात. खालच्याने बाहेर टाकलेली हवा वरच्याच्या खिडकीतून आत येते, वरचा ती पुन्हा डक्टमध्ये लोटतो, आणि कोणाचेच स्वयंपाकघर मोकळे होत नाही. याचा दोष रहिवाशांकडे नाही. ज्याने नकाशा काढला आणि ज्याने तो मंजूर केला, त्यांनी शेकडो कुटुंबांना परस्परांचे अपराधी करून ठेवले आहे, आणि त्यांना त्याची जाणीव करून देणे हेही नागरिकाचे कर्तव्य आहे.

पण एका ठिकाणी मला थांबावेसे वाटते. शेजाऱ्याची कदर करणे ही एक गोष्ट, आणि आपल्या अन्नाची लाज वाटणे ही दुसरी; आणि अलीकडे दुसरी गोष्ट पहिलीच्या वेषात वावरते. मुंबईत घर भाड्याने घेताना तुम्ही मासे खाता का असे विचारले जाते, आणि होय म्हणणाऱ्याला वासाचे कारण सांगून दारातून परत पाठविले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. घर मिळालेच तर सुकटीचा वास जिन्यात जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या गच्च लावून, पंखासुद्धा बंद ठेवून, घुसमटत रांधणाऱ्या स्त्रिया आहेत. शेजाऱ्यासाठी खिडकी उघडावी असा विचार आपण करीत होतो. येथे शेजाऱ्याच्या भयाने ती बंद झाली आहे, आणि तापलेल्या तेलाची सारी वाफ एका देहाला गिळावी लागत आहे.

वासावरून माणसाची योग्यता ठरविण्याची खोड जुनी आहे. मद्याचा आणि हुंगू नये अशा पदार्थांचा वास घेणे हे मनुस्मृतीने जातिभ्रंश करणाऱ्या पातकांत घातले आहे. वैशेषिकांनीही गंधाचे सुरभी आणि असुरभी असे दोन प्रकार करून चांगले-वाईटपण वस्तूतच बसवून टाकले, आणि या एका मुद्द्यावर त्यांच्याशी सहमत होणे मला कठीण जाते. मालवणाकडच्या घरात तिरफळे घातलेले बांगड्यांचे तिखले चुलीवर शिजत असते तेव्हा त्या घरातल्या मुलाला तो वास घरी परतल्याची खूण वाटतो. हिंगाचा ज्याला सराव नाही अशा माणसाला आपल्या वरणाच्या फोडणीने नाक मुरडावेसे वाटते. द्रव्य तेच राहते आणि निवाडा सवयीप्रमाणे बदलतो. सुविधाधिकारांविषयीचा १८८२ चा कायदा या बाबतीत अधिक समंजस आहे: जमिनीच्या मालकाच्या स्वाभाविक हक्कांची उदाहरणे देताना त्याने, तेथे येणारी हवा इतरांनी अवाजवी रीतीने दूषित करू नये, एवढेच म्हटले आहे. हवा दूषित होणारच नाही अशी सनद त्याने कोणालाही दिली नाही. वाजवी काय आणि अवाजवी काय याचा विचार करण्याचे ओझे त्याने शेजाऱ्या-शेजाऱ्यांवर ठेवले.

म्हणून भाडेकराराच्या मसुद्यात मांस-मासळी शिजवू नये असे कलम घालून त्यावर सही मागणाऱ्या मालकाला माझे एकच म्हणणे आहे. त्याने आधी आपल्या घरात भाजणाऱ्या शेंगदाण्यांचा, कढणाऱ्या तुपाचा आणि सणाच्या दिवशी सकाळपासून चाललेल्या तळणाचा गंध आपल्या भिंतींच्या हद्दीत राखून दाखवावा. कणादापासून आजच्या रसायनशास्त्रज्ञांपर्यंत कोणीही त्याला तसे करण्याची युक्ती सांगू शकणार नाही. आणि जी अट स्वतःच्या चुलीला लागू करता येत नाही, ती दुसऱ्याच्या चुलीला लावण्याचा अधिकार त्याला कोणत्या शास्त्राने दिला, हे त्यानेच लेखी कळवावे.